तंजावरचे अठरा जिन्नस

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मराठी हस्तलिखितांत ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ नावाचा एक संग्रह आहे. तो सरफोजी राजे दुसरे यांच्या नावावर आहे. सरफोजींची कारकीर्द १७९८ ते १८३२, म्हणजे इकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या हातून पेशवाई गेली तो काळ. संग्रहातल्या रचना वाचण्यासाठी लिहिलेल्या नाहीत, नाचण्यासाठी लिहिलेल्या आहेत. भाषा मराठी, संगीत कर्नाटकी, आणि ज्या नर्तकींच्या अंगावर त्या चढल्या त्यांच्या घरची बोली तमिळ नाहीतर तेलुगू. नाचाच्या इतिहासाला लेखी आधार फार थोडा मिळतो, म्हणून गाणारा आणि नाचणारा यांच्यात काय ठरले होते हे सांगणारा असा कागद हाती आला की तो ओळ न् ओळ विचारून पाहावा लागतो.

संग्रहात निरूपणे आहेत. एक निरूपण म्हणजे एक कथा आणि तिच्यावर बांधलेले अठरा नृत्यप्रकार. त्यांचा क्रम ठरलेला आहे: जय जय, शरणू, अलारू, सोल्लू, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, अभिनयपद, तिल्लाणा, पुन्हा अभिनयपद, जक्किणी, गीत, प्रबंध, त्रिपुट, श्लोकवर्ण, कौत्व आणि शेवटी मंगल. एका निरूपणातले अठराही जिन्नस एकाच रागात आणि एकाच तालात.

ही शेवटची अट वाचताना सहज निसटते. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम पाहायला गेलो तर दर रचनेला राग बदलतो, बहुधा तालही बदलतो, आणि त्या बदलाने प्रेक्षकाचा कान ताजा राहतो. निरूपणाच्या कर्त्याने हा सोपा मार्ग स्वतःहून बंद केला आहे. अठरा रचना, एक राग, एक ताल. मग कंटाळा येऊ न देण्याची जबाबदारी कोणावर पडते? लयीवर, बोलांच्या बांधणीवर, शब्दांच्या वळणावर, आणि सर्वांत जास्त नाचणारीच्या अंगावर. नाचणारी हा भार पेलेल अशी खात्री असल्याशिवाय कोणताही गीतकार एवढी मोठी रचना एका रागात बांधणार नाही. नुसता कवी एका खोलीत बसून हे ठरवू शकत नाही. ही अट ठरली तेव्हा नाच शिकवणारा माणूस कवीच्या शेजारी बसला असला पाहिजे, असे मला वाटते.

क्रमही तेच सांगतो. आरंभी जयजयकार आणि वंदन. मग अलारू आणि सोल्लू, यांत अर्थाचे शब्द नाहीत, तालाचे बोल आहेत, शरीर तापवण्याचे हे काम. त्यानंतर शब्द, आणि लगेच वर्ण. दक्षिणेकडच्या नाचात वर्ण ही सर्वांत लांब आणि सर्वांत दमवणारी रचना असते: ओळीवर अभिनय, मध्येच बोलांचा तुकडा, पुन्हा ओळ. वर्णानंतर पद ठेवले आहे. पदात पाय विश्रांती घेतात; काम चेहऱ्याचे आणि हातांचे. पुन्हा स्वरजती, की पुन्हा अभिनयपद. तिल्लाणा आला, की त्याच्या अलीकडे एक अभिनयपद आणि पलीकडे एक. आज तिल्लाणा कार्यक्रमाच्या शेवटाकडे येतो, इथे तो दहावा आहे, आणि दोन्ही बाजूंनी त्याला श्वास घ्यायला जागा आहे. हा क्रम लावणाऱ्याला नाचणारीचा दम किती वेळात तुटतो हे ठाऊक होते. हिशेबाच्या वहीत शोभेल असा ‘जिन्नस’ हा शब्द शीर्षकात आहे, आणि त्या शब्दाला साजेशी काटेकोर वाटणी आत आहे.

आता हा राजा कोण आणि त्याला एवढी उसंत कुठून, हे पाहावे लागेल. व्यंकोजी भोसले, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, १६७६च्या सुमारास तंजावरच्या गादीवर आले. त्यांचे पुत्र शहाजी यांनी तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंध’ लिहिला, मराठीत ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे नाटक लिहिले. मराठी रंगभूमीचा इतिहास १८४३ सालच्या सांगलीतल्या विष्णुदास भाव्यांपासून मोजण्याची आपली सवय आहे, ती या नाटकापुढे टिकत नाही. शहाजींचे धाकटे बंधू तुळजाजी पहिले (१७२८ ते १७३६) यांनी ‘संगीत सारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. मद्रासच्या म्युझिक अकॅडमीने तो १९४२ मध्ये छापला. या ग्रंथाकडे पुन्हा यायचे आहे, कारण संग्रहात नसलेली नाचाची बाजू त्यात आहे.

सरफोजींना गादी मिळाली आणि दीड वर्षाच्या आत राज्य गेले. ऑक्टोबर १७९९च्या तहाने मुलखाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, आसपासचा थोडा भाग, आणि वसुलीतला ठरलेला हिस्सा राहिला. फौज ठेवायची नाही, सारा वसूल करायचा नाही. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनरीच्या देखरेखीखाली वाढलेल्या या माणसाने उरलेले आयुष्य विद्येत घातले. ग्रंथालय वाढवले, वैद्यकावर लिहवून घेतले, १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नृत्यनाट्यात त्यांनी भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडून जगाचा भूगोल वदवला: खंड, देश, समुद्र, सगळे पदांत. त्यांच्यावरच रचलेली ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ ही तमिळ रचना बृहदीश्वराच्या देवळात देवदासी नाचत. दरबारात विलायती वाद्यांचा बँड होता. ज्या दरबारात तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत आणि विलायती सुरावटी एका छताखाली नांदत होत्या, तिथे मराठी शब्दांवर कर्नाटकी राग आणि दाक्षिणात्य पदन्यास चढवणे हे नवलाचे नव्हते, रोजचे होते.

रचना राजाच्या नावावर आहे म्हणून ती राजाने एकट्याने केली असे धरून चालता येत नाही. दरबारी कागदाला मालक एकच असतो, हात मात्र अनेक असतात. मग हे दुसरे हात कोणाचे? संग्रह त्यांची नावे देत नाही. पण दरबाराच्या इतर हकिकतींवरून एक घराणे नक्की समोर येते. सरफोजींच्या आधीच्या तुळजाजी दुसऱ्यांच्या काळात गंगैमुत्तू हे नट्टुवनार, म्हणजे नाचाचे गुरू, होते; देवळातल्या देवतांवर त्यांनी कौत्वे रचली. अठरा जिन्नसांत सतरावा जिन्नस कौत्व आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. देवळातली रचना दरबारी मालिकेत येऊन बसली ती याच माणसांच्या पावलांनी, असा तर्क करायला जागा आहे. गंगैमुत्तूंच्या घरातले सुब्बरायन, आणि सुब्बरायन यांचे चार मुलगे: चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू. ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून जगभरचे भरतनाट्यम नर्तक ज्यांचे नाव घेतात ते हेच. मुत्तुस्वामी दीक्षितरांकडे ते शिकले, सरफोजींच्या दरबारात वाढले. वडिवेलू पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेले आणि व्हायोलिन कर्नाटकी संगीतात रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते.

आज शिकवला जाणारा भरतनाट्यमचा क्रम, अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना, हा या चौघा भावांनी लावला असे सर्वत्र सांगितले जाते. निरूपणाचे अठरा जिन्नस त्याशेजारी ठेवून पाहा. अलारू आहे, स्वरजती आहे, शब्द आहे, वर्ण, पद, तिल्लाणा आहेत. इतके साम्य योगायोगाने येत नाही. मग आधी कोण? थोरला चिन्नय्या १८०२चा, धाकटा वडिवेलू १८१०चा. सरफोजी वारले तेव्हा थोरला तिशीचा आणि धाकटा बाविशीचा होता. याचा अर्थ, सरफोजींच्या उमेदीच्या काळात निरूपणे बांधली गेली असतील, तर हे चौघे ती पाहत मोठे झाले. आणि उतारवयात बांधली गेली असतील, तर ती बांधण्यात या तरुणांचा हात असू शकतो. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र पक्की राहते. जगभर पोचलेल्या या नृत्याचा कणा ज्या तालमीच्या जागेत घडला, तिथे मराठी पदे गायली जात होती. महाराष्ट्रात ही गोष्ट पुरेशी सांगितली गेलेली नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

नट्टुवनार म्हणजे नक्की काय करणारा माणूस, हे समजल्याशिवाय कागद पुरता उलगडत नाही. तो नाच शिकवतो, बसवतो. प्रयोगात हातात टाळ घेऊन बसतो, तोंडाने बोल म्हणतो, लय धरतो आणि बदलतो. मृदंगवाल्याची नजर त्याच्याकडे, गायकाची त्याच्याकडे, नर्तकीचा कान त्याच्याकडे. संगीतकार आणि नृत्यदिग्दर्शक हे आज दोन वेगळे व्यवसाय आहेत. मुंबई-पुण्याच्या रंगमंचावर बहुतेक वेळा संगीत आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होते, मग त्यावर नाच बसतो. कित्येकदा वादक आणि नर्तक एकमेकांना प्रयोगाच्या दिवशीही भेटत नाहीत. तंजावरला ही दोन कामे एकाच देहात होती. म्हणून संग्रहात ‘इथे गायकाने थांबावे, इथे नर्तकीने फिरावे’ अशा सूचनांची गरज पडली नाही. ज्याने संगीत बांधायचे आणि ज्याने नाच बसवायचा, तो एकच होता.

त्यामुळेच कागदाने जे ठेवले आणि जे सोडले, त्याची वाटणी अशी झाली आहे. शब्द राहिले. राग-तालाची नावे राहिली. क्रम राहिला. गेले ते हे: वर्णाची एक ओळ किती वेळा घोळवायची, तिच्यावर संचारीभाव किती वाढवायचा, बोलांचा तुकडा कोणत्या मात्रेवर उचलायचा, आणि अर्थातच हात-पाय कुठे. दक्षिणेकडच्या अभिनयात गायक एकच ओळ पुन्हा पुन्हा गातो आणि नर्तकी दर वेळी तिचा नवा अर्थ काढते. ओळ सोडून पुढे कधी जायचे, हे त्या क्षणी दोघांच्या नजरेत ठरते. ते कोणताही लेखक लिहून ठेवू शकला नसता.

इथे तुळजाजींचे ‘संगीत सारामृत’ कामी येते. त्यात नृत्याच्या सरावाचा भाग आहे, आणि पायांच्या मूळ हालचालींची, ज्यांना आज अडवू म्हणतात त्यांची, चालू बोलीतली नावे बोलांसह दिली आहेत. संस्कृत ग्रंथात देशी नावे घालण्याचा हा मोकळेपणा राजाने केला, कारण त्याला शाळेतला नाच नोंदवायचा होता, नुसते शास्त्र सांगायचे नव्हते. म्हणजे आपल्याकडे दोन कागद आहेत, मध्ये साठ ते शंभर वर्षांचे अंतर. एकात पाय आणि बोल, दुसऱ्यात शब्द, राग, ताल आणि क्रम. दोन्हींना जोडणारा धागा बोलांचा. बोल हे पायाचे नाव आहे आणि मृदंगाचेही. या एका धाग्यावर पुढची सगळी पुनर्रचना उभी राहिली.

तिसऱ्या प्रकारचे कागद म्हणजे राजवाड्याचे मोडी दफ्तर. दरबारी खर्च, इनामे, कलावंतांची नेमणूक, देणग्या यांच्या नोंदी त्यात आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यातल्या निवडक कागदांचा तमिळ अनुवाद खंडशः छापला. मूळ भाषा मराठी, लिपी मोडी, आणि छापील रूप तमिळ! महाराष्ट्रातल्या अभ्यासकाला आपल्याच भाषेतल्या नोंदी परभाषेतून वाचाव्या लागतात. मोडी जाणणारी माणसे अजून आहेत, काही तरुणही शिकत आहेत. त्यांच्यासाठी तंजावरात पुष्कळ काम पडून आहे.

१८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. खासगी मालमत्तेवरचा राणीचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ मध्ये निकाल विरुद्ध लागला. दरबार उठला की नाचणाऱ्यांचा आणि वाजवणाऱ्यांचा आधार जातो. काहींनी मद्रासची वाट धरली. काही मराठी राज्यांतच राहिले: सयाजीराव गायकवाडांचे लग्न १८८० मध्ये तंजावरच्या मोहित्यांच्या मुलीशी झाले, तेव्हा तिच्यासोबत तंजावरच्या नर्तकी, नट्टुवनार आणि साथीदार बडोद्यास आले आणि तिथल्या कलावंत कारखान्यात रुजू झाले. पुढे देवदासींच्या नाचाविरुद्ध चळवळ झाली, १९४७ मध्ये मद्रास प्रांतात कायद्याने ती प्रथा बंद झाली. ज्या बायकांच्या अंगात हे नृत्य होते त्यांच्यातल्या बहुतेकींची नावेही राहिली नाहीत. कागद मात्र ग्रंथालयात होता. १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. स्वातंत्र्यानंतर ग्रंथालयाने मराठी हस्तलिखिते छापायला घेतली, तेव्हा ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ही छापून आले. संपादक होते ए. कृष्णस्वामी महाडिक. नाव तमिळ, आडनाव मराठी.

हे आडनाव सिंधुदुर्गातल्या तळेऱ्याच्या, म्हणजे माझ्या गावच्या, माणसाने वाचले की तो क्षणभर थांबतो, कारण आमच्या माध्यमिक विद्यालयाच्या पाटीवर वामनराव महाडिकांचे नाव आहे. नात्याचा दावा करण्याचा माझा हेतू नाही, त्याला आधारही नाही. पण शिवाजी महाराजांच्या कन्या अंबिकाबाई यांचे पती हरजीराजे महाडिक जिंजीचा कारभार पाहत होते, ही इतिहासातली गोष्ट आहे. महाडिक, मोहिते, भोसले अशी माणसे दक्षिणेत गेली, तिथली झाली, आणि घरातली मराठी त्यांनी सोडली नाही. त्यांच्यातल्याच एकाने हे हस्तलिखित छापखान्यापर्यंत पोचवले.

छापील पुस्तक मुंबईत ज्यांच्या हाती लागले ते आचार्य पार्वतीकुमार (१९२१ ते २०१२). मूळचे आडनाव कांबळी, आणि ते सिंधुदुर्गात कुणाला नवे नाही. नट्टुवनारांकडे भरतनाट्यम शिकलेल्या या माणसाने मराठी निरूपणे पुन्हा नाचात आणण्याचे काम हाती घेतले. मुंबईत ‘तंजावूर नृत्यशाळा’ काढली, आणि ‘तंजावूर नृत्यप्रबंध’ हा ग्रंथ लिहिला. कामाचे स्वरूप काय असेल ते कागदावरूनच कळते. शब्द वाचून आधी त्यांचे तंजावरी मराठी वळण समजून घ्यायचे. राग-तालात ते बसवायचे, म्हणजे कर्नाटकी संगीत जाणणारा गायक हवा, आणि मराठी उच्चार जाणणाराही हवा; दोन्ही एका माणसात क्वचितच सापडतात. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ जिथे पडतात आणि आघात जिथे पडतो, तिथे तालाची सम येईलच असे नाही. मग ओळ ओढायची की बोल हलवायचे? यातला प्रत्येक निर्णय गायक, मृदंगवाला आणि नृत्यकार यांनी एकत्र बसूनच घ्यावा लागतो. दरबारात एकाच नट्टुवनाराच्या अंगात असलेले काम आता तिघाचौघांत विभागले गेले होते, आणि ते पुन्हा जोडणे हाच पुनर्रचनेचा खरा कस होता.

पार्वतीकुमारांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ही निरूपणे रंगमंचावर नेली. पुढे त्या तंजावरच्या के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे शिकल्या. किट्टप्पा हे चतुष्टयाच्या घराण्यातले. म्हणजे एका बाजूला छापील संग्रह, दुसऱ्या बाजूला घराण्यात तोंडी चालत आलेली विद्या, आणि दोन्ही एका शिष्येपाशी एकत्र आल्या. तिथून त्यांनी ‘नृत्यगंगा’ नावाने भरतनाट्यमचे शरीर आणि हिंदुस्थानी संगीत यांची जोड घातली. हे काम काहींना धाडसाचे वाटले असेल. तंजावरचा कागद पाहिल्यावर ते मला परंपरेला धरून वाटते: सरफोजींच्या दरबाराने मराठी शब्द कर्नाटकी रागात घातले होते, इथे दाक्षिणात्य पदन्यास हिंदुस्थानी रागात गेला. पार्वतीकुमारांच्याच शिष्या संध्या पुरेचा यांनी मुंबईतल्या आपल्या संस्थेला सरफोजीराजे भोसले यांचे नाव दिले. नर्तकांनी एका राजाचे ऋण असे फेडले. आमच्या शालेय इतिहासात मात्र त्याला जेमतेम जागा आहे.

आता आमच्या मुलखाकडे येतो. तळेरे कणकवली तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर. इथून एक रस्ता विजयदुर्गाकडे जातो, एक वैभववाडीवरून गगनबावड्याकडे चढतो. तुळशीचे लग्न झाले की या पट्ट्यातल्या गावोगावच्या जत्रांत दशावतार सुरू होतो आणि उन्हाळा सरेपर्यंत चालतो. गायन, वादन आणि अंगाची हालचाल यांची जुनी आणि जिवंत भागीदारी पाहायची तर ती इथे आहे.

दशावताराचे कागद किती? फार थोडे. श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ मध्ये ही कला आडिवऱ्यास आणली, असे ठिकठिकाणी छापलेले आढळते. पण रामदासांनी ‘दासबोधा’त दशावतारी खेळांचा आणि त्यात स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषांचा उल्लेख केला आहे, आणि रामदास १६८२च्या आरंभी समाधिस्थ झाले. म्हणजे १७२८ हे साल फार तर एखाद्या घराण्याच्या किंवा एका भागातल्या आरंभाचे असू शकेल; कलेच्या आरंभाचे असू शकत नाही. एवढे साधे ताळे जुळवून न पाहता ते साल आपण पुढे पुढे छापत आलो आहोत.

त्यानंतरचे कागद म्हणजे जाहिराती आणि हँडबिले. त्यांत मंडळाचे नाव, आख्यानाचे नाव, अलीकडे ‘ट्रिकसीनयुक्त’ हा शब्द, मग राजापार्टी, स्त्रीपार्टी, आणि खाली संगीतसाथ: हार्मोनियम अमुक, पखवाज तमुक, तालरक्षक म्हणजे झांजवाला अमुक. नाच कोणी बसवला याला सहसा ओळ नसते. कारण तो कोणी बसवत नाही. आख्यान थोडक्यात ठरते, संवाद जागेवर सुचतात, आणि युद्ध आले की राजापार्टीचे पाऊल आणि मृदंगावरची थाप यांचे तिथल्या तिथे जमते. गिरकी कधी संपणार हे पखवाजवाला नटाच्या खांद्यावरून ओळखतो. पदाला नट तोंड उघडायच्या आत पेटीवाल्याने सूर दिलेला असतो. मागे एक बाकडे, बाजूला तीन वादक, आणि रात्रभर हे चालते.

तंजावरचा नट्टुवनार आणि आमचा पखवाजवाला यांच्यात वंशाचे नाते आहे असे मी म्हणत नाही. सूत्रधार, आरंभीचे गणपती-सरस्वती, पदांनी पुढे जाणारी कथा, ही साम्ये कर्नाटकातल्या यक्षगानात आहेत आणि तंजावरजवळच्या मेलट्टूरच्या भागवत मेळ्यातही आहेत; साम्यावरून घराणे ठरवण्याची घाई अभ्यासाला मारक असते. मला फरक महत्त्वाचा वाटतो. तंजावरला शब्द, क्रम आणि ताल लिहून ठेवले गेले, आणि माणसे गेल्यावर शंभर-सव्वाशे वर्षांनी दुसऱ्या माणसांना ते पुन्हा उभे करता आले. दशावतारात सगळे माणसांतच आहे. माणसे आहेत तोवर ते तंजावरच्या कागदापेक्षा कितीतरी जास्त पूर्ण आहे, कारण त्यात नजर आहे, थांबणे आहे, चूक सावरणे आहे. एक जुना पखवाजवाला गेला, की त्याच्या हातात असलेले तेवढे नाहीसे होते, आणि ते शोधायला कोणत्याही ग्रंथालयात जाता येत नाही.

आधुनिक ध्वनिचित्रफितींनी हे काम होईल असे पुष्कळांना वाटते. फोनवर टिपलेले दशावतार आज भरपूर आहेत. पण त्यांतल्या बहुतेकांत कॅमेरा नटाच्या तोंडावर असतो. वादक चौकटीच्या बाहेर. ज्या नजरेने नट आणि पखवाजवाला बोलतात तीच त्यात येत नाही. आवाज फुटलेला असतो, झांज बाकी सगळे गिळते. नोंद करायची तर ठरवून करावी लागेल: एक कॅमेरा वादकांवर, पखवाजाला वेगळा मायक्रोफोन, आणि खेळ संपल्यावर वादकाला शेजारी बसवून तेच पुन्हा पाहायचे, की इथे तुम्ही लय का वाढवली, इथे थाप का रोखली. बोल त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायचे. सरफोजींच्या दरबारात लेखकाने जे केले तेच, फक्त त्याने जे सोडले तेही यात आणता येईल.

म्हणून तळेरे पंचक्रोशीतल्या आणि एकंदर जिल्ह्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे. ज्यांच्या घरात दशावताराशी संबंध असलेले कोणी होऊन गेले असेल त्यांनी माळ्यावर, ट्रंकेत, मंडळाच्या पेटाऱ्यात पाहावे. पदांच्या वह्या, पेटीवाल्याने सुरांच्या खुणा केलेले कागद, जुनी हँडबिले, जत्रेच्या खर्चाच्या याद्या, मंडळाचे जमाखर्च, जे मिळेल ते रद्दीत घालू नये. वाळवी लागलेले असले तरी फेकू नये. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढावा, गाव, साल आणि कोणाची वही ते मागे पेन्सिलीने लिहावे. शाळांनी हे काम मुलांना द्यावे, कारण आजोबांच्या वहीतले अक्षर नातवाला वाचून दाखवायला आजोबा खुशीने बसतात. आणि जे वादक आज साठी-सत्तरीत आहेत, त्यांच्याकडे या जत्रांच्या हंगामाआधीच कोणीतरी वही घेऊन जावे.